वापस आणून दाखवा

सर चहा आधी बशीत ओतायचे आणि मग बशीतला चहा परत कपात ओतायचे. चहा आधी जिथवर होता तिथवर पुन्हा आला की नाही, ते वाकून पाहायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. तोवर त्यावर साय धरलेली असे. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या टपरीवाल्याला हे रोज पाहावं लागे. तो रीव्याकडचा माणूस. एकदा न राहवून म्हणाला, "सर, पीने का है कि नापने का है?"

सर म्हणाले, "थोडा कम आया. बशी ने रख लिया."

टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहू लागलो. पुढची काही वर्षं मी बऱ्याचदा असाच रस्त्याकडे पाहत होतो.

सर वारले तेव्हा विभागात शोकसभा झाली. ऋषितुल्य, निगर्वी, ज्ञानासाठी झिजलेलं आयुष्य, वगैरे. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणून मलाही उभं केलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, रडू आवरत होतो. तसं काही नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते हार घातलेल्या फोटोपुढे म्हणण्यासारखं नव्हतं. ते असं, की हा माणूस असह्य होता. त्यानं माझी उमेदीची वर्षं खाल्ली. तो बहुतेक वेळा बरोबर असायचा, आणि त्यामुळे आणखीच असह्य व्हायचा. आणि एका दुपारी मी त्याच्याशी जसा वागलो, ते मी आजवर घरीसुद्धा धड सांगितलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. आता पन्नाशी आली. लिहून टाकतो.

सरांचा विषय काय, असं लोक विचारत तेव्हा मी "गणित" म्हणून सुटका करून घेई. इथं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं भांडण त्यातलंच आहे.

समजा, एका प्रदेशात जागोजागी ऊन पडलंय, कुठे कमी, कुठे जास्त. कुठल्या जागी किती (या साऱ्या नोंदीला आम्ही 'फल' म्हणतो), ते तुम्हाला कोणी सांगत नाही. एवढंच सांगतात, की अमुक वर्तुळावरून चालत गेलात तर सगळं मिळून इतकं ऊन लागेल. अशा झाडून सगळ्या वर्तुळांच्या बेरजा तुमच्या हाती दिल्या. आता एकेका जागेचं ऊन सांगा. जागांवरून बेरजांकडे जाणं म्हणजे ट्रान्सफॉर्म. बेरजांवरून जागांकडे परत येणं म्हणजे इन्व्हर्जन. त्यात हा प्रदेश टेबलासारखा सपाट नाही. तो वाकलेला आहे, पण असा शहाणपणानं वाकलेला की कुठेही उभे राहा, कुठेही तोंड करा, तो सारखाच दिसतो. याला सममित अवकाश म्हणतात. सरांनी सारा जन्म या अवकाशांतून परत येण्यात घालवला.

"जाणं कोणालेही येते," ते म्हणायचे. "वापस आणून दाखवा."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. सरांचं घराणं काटोलकडचं, संत्र्यांच्या बागांचं. वर्गात ते पुस्तकी मराठी आणि इंग्रजी मिसळून बोलत. पण कोणी "म्हणून व्यस्त रूपांतर अस्तित्वात आहे" असं म्हणून खडू ठेवला, की सर सरळ बागेत पोचायचे. "अस्तित्वात हाये म्हणजे? कुठी हाये? घेऊन या ना मंग."

दुसरं कोणी असतं तर हा विक्षिप्तपणा फळ्यापाशी संपला असता. सर तो बाजारातही न्यायचे. थंडीत ते मला संत्रा मार्केटमध्ये घेऊन जात. ढिगाजवळ उभे राहून विकणाऱ्या बाईला विचारत, खालच्या थरात किती गेली, त्याच्यावर किती, अख्ख्या ढिगाचं वजन काय. मग हाताची घडी घालून, मधल्या थरातलं कोपऱ्यातलं संत्रं केवढं असेल याचा अंदाज बांधत.

"सर," ती बाई म्हणाली, "घ्याचे हायेत का निसते पाहाचे?"

"ते कोपऱ्यातलं काढून दाखव ना वं."

"ते काढलं तं माह्या ढीग पडते. मंग वापस कोन रचते, तुमी?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा. इले समजलं. तुमाले समजून नाही राहिलं." संत्री न घेताच आम्ही निघालो. त्या बाईनं मागून जे म्हटलं ते मी लिहीत नाही.

रस्त्याचंही तेच. ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं परतायचं. दुसरा रस्ता जवळचा असो, सावलीचा असो, चालायचा नाही. "ज्या रस्त्यानं वापस आलो नाही तो रस्ता आपल्याले माहीत झाला असं कसं म्हणता?" पोळ्याच्या पाडव्याला आम्ही इतवारीत एका बाइंडरकडे गेलो होतो. परत निघालो तर समोरून मारबतीची, इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. माणसांचा पूर, गुलाल, ढोल. बाजूला एक गल्ली होती, पाच मिनिटांत बाहेर काढणारी. सर पानठेल्याला टेकून उभे राहिले. मिरवणूक जाईस्तोवर आम्ही तिथंच. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, ते मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली, आणि म्हणाले, "जा ना तुम्ही गल्लीनं. मी येतो." मी गेलो नाही. माझ्या प्रबंधावरची सही त्यांच्या हातात होती.

सही हे माझं त्या वर्षांतलं एकमेव कुलदैवत.

आम्ही नागपुरातल्या इंदोरा वस्तीचे. छप्पन्न साली बाबांचं बोट धरून मी दीक्षाभूमीवर गेलो होतो. त्यातली मला फक्त पांढरी गर्दी आठवते. बाबा गिरणीत होते. घरात मीच पहिला कॉलेजला गेलेला. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मला तात्पुरती लेक्चररची जागा मिळाली होती. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं: नवं सत्र सुरू व्हायच्या आत प्रबंध सादर केला तर कायम करू, नाहीतर जाहिरात काढू. प्रबंध टाइप होऊन पडला होता. पहिल्या पानावर गाइडची सही नव्हती.

बाबा जेवताना विचारत, "काय म्हणते सही?"

"पाहून राहिले आहेत."

"अजून पाहूनच राहिले?"

वस्तीतल्या एका बुजुर्गांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, आपला पोरगा म्हणून तर अडवून नाही ठेवलं? बाबांनी ते मला विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. सरांचा जाच त्यांच्या अवकाशासारखाच होता, कुठल्याही दिशेनं सारखा. माझ्याआधीचा विद्यार्थी धरमपेठेतल्या निवृत्त न्यायाधीशांचा मुलगा. त्याला तर त्यांनी माझ्याहूनही जास्त दिवस बसवून ठेवलं होतं. तो बिचारा शेवटी बँकेत लागला, आणि चेक परत आला की अजून दचकतो असं म्हणत.

माझ्या प्रबंधात परत येण्याचं एक सूत्र होतं. ज्या अवकाशांची मिती विषम, तीन किंवा पाच, तिथं परत येणं सोपं असतं. बेरजा घ्या, त्यांचे ठरावीक वेळा अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, काढा, झालं. सम मितीत मात्र असं सरळ येता येत नाही. दोन मितीतल्या एका जागेचं ऊन हवं तर साऱ्या प्रदेशातल्या बेरजा धुंडाळाव्या लागतात. मी विषम मितीत सूत्र तपासलं होतं. सम मितीसाठी सरांच्याच एका जुन्या पेपरातला लेमा, म्हणजे मधल्या पायरीचं छोटं प्रमेय, वापरला होता, आणि तो छापलेला असल्यानं तपासायची गरज मला वाटली नव्हती.

"तीनमध्ये वापस आणलं," सर म्हणाले. "दोनमध्ये आणा."

"सर, सिद्धता आहे."

"सिद्धता हाये, फल कुठी हाये? ज्याची दोन्ही रूपं माहीत हायेत असं एखादं फल घ्या. पाठवा तिकडं. वापस आणा. आलं का मी सही करतो. एवढंच तं म्हणून राहिलो मी."

म्हणायला एवढंच. त्यात एक असं समाकलन, म्हणजे इंटिग्रल, होतं की माणसानं संन्यास घ्यावा. मे महिना होता. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकरालाच ठाऊक. सरांच्या खोलीत कूलर होता, पण तो बंद. सरांचं म्हणणं, कूलरच्या आवाजात उणे चिन्ह निसटतं. आम्ही दोघं ओला रुमाल डोक्यावर टाकून बसायचो. कागदावर घाम पडून शाई पसरायची. सर म्हणायचे, "पान पुन्हा लिहा, हे वाचता येऊन नाही राहिलं." मी पुन्हा लिहायचो. मनातून मी त्यांना कोणकोणत्या सममित आणि असममित अवकाशांत पाठवून देत होतो ते सांगत नाही.

शेवटी एकदा ते समाकलन सुटलं. फल परत आलं. पण अर्धं.

मी म्हणालो, मोजताना चुकलं असेल. पुन्हा केलं. पुन्हा अर्धं. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः केलं, बारीक अक्षरात, जीभ दाताखाली धरून. अर्धंच.

"बराबर अर्धं आलं," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला वैताग आणणारा एक आनंद होता. "पाव नाही, पाऊण नाही. हे घाईतलं चुकणं नव्हे गा. कोणीतरी मन लावून चुकलं हाये."

मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते पुण्याकडून आलेले, व्यवहारी माणूस, टेबलावर कागद नावाला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"अहो, त्यात काय आहे? सूत्राच्या पुढे c लिहा. खाली एक ओळ टाका, 'इथे c हा मापनावर अवलंबून असलेला योग्य स्थिरांक आहे'. जगभर लिहितात. तुमचे दोन त्यात विरघळून जातात."

आणि ते खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात असं खरंच लिहितात. मोठमोठी माणसं लिहितात. मी आनंदानं सरांकडे आलो आणि सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "संत्र्याच्या पेटीवर 'योग्य वजन' असं लिहून पाठवता का दिल्लीले?"

"सर, सगळे लिहितात."

"मंग सगळ्यायच्याच सह्या घ्या."

मी त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी गेलो. बसायचीही इच्छा नव्हती. बाबा दारातच उभे होते. त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

चूक मला ग्रंथालयात सापडली. सुटीचे दिवस, दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, आत मी आणि एक पेंगणारा शिपाई. आपलं सगळं तपासून झालं होतं, म्हणून केवळ नाइलाजानं मी सरांचा पेपर काढला. जो लेमा मी डोळे मिटून घेतला होता त्याच्या सिद्धतेत गेलो. तिथं एक रेषेवरची बेरीज असते. त्या रेषेवर शून्याच्या उजवीकडचा बिंदू आणि डावीकडचं त्याचं प्रतिबिंब दोन्ही एकच गोष्ट सांगतात. म्हणून पूर्ण रेषेवर बेरीज घेतली तर सगळं दोनदा मोजलं जातं, आणि दोननं भागावं लागतं. किंवा मग अर्ध्याच रेषेवर बेरीज घ्यावी आणि भागू नये. सरांनी बेरीज अर्ध्याच रेषेवर घेतली होती, आणि वर दोननं भागलंही होतं.

वापस आणून दाखवा म्हणणाऱ्या माणसानं आपला स्वतःचा लेमा वापस आणून पाहिला नव्हता. तो त्यांचा एकुलता एक नाव घेण्याजोगा पेपर.

मला किती आनंद झाला ते सांगायची लाज वाटते. शिपाई जागा झाला, कारण मी टेबलावर हात आपटला होता.

आता त्या दुपारचं सांगतो.

सरांची प्रोफेसरपदासाठी मुलाखत होती. रीडर म्हणून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, निवृत्ती फार दूर नव्हती, आणि हे त्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते. मुलाखत दुसऱ्या दिवशी. आदल्या दुपारी ते विभागप्रमुखांच्या खोलीत चहाला बसले होते आणि सरांनाही बोलावलं होतं. हे मला माहीत होतं. माझ्या सादर करण्याच्या मुदतीला अजून अवधी होता, हेही माहीत होतं. मुदत अंगावर आली होती म्हणून घाई केली, असं मी पुढे बायकोला सांगितलं. ते खोटं आहे. दोन दिवस थांबून मी त्यांच्या खोलीत, दार लावून, हळूच सांगू शकलो असतो. मला ते चार लोकांसमोर हवं होतं. मला हवं होतं की त्यांनी एकदा फळ्यापाशी अडावं आणि बाकीच्यांनी पाहावं.

मी दार ढकललं. विभागप्रमुख म्हणाले, "या, या. हे आमचे रिसर्च स्कॉलर." सर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेला बसले होते. शर्ट नवा असावा, कॉलर त्यांना टोचत होती.

मी म्हणालो, "सर, अर्धं कुठून येतं ते सापडलं."

ते ताडकन उठले. "कुठून?"

"तुमच्याकडून. तुमच्या पेपरातून. लेमा चुकलाय, सर. तुम्ही वापस आणून पाहिला नव्हता."

शेवटचं वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं.

एका तज्ज्ञानं हातातलं बिस्किट परत ताटलीत ठेवलं. विभागप्रमुख माझ्याकडे असे पाहू लागले की मला पहिल्यांदा कळलं, आपण काय केलंय. सरांनी मात्र कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, खिडकीशी गेले आणि उभ्यानं वाचू लागले. ओठ हलत होते. खोलीत सगळे थांबले. चहा निवला. मग ते वळले आणि हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"खरं हाये," ते म्हणाले. "मी c च लिहिला होता कच्च्या प्रतीत. छापायच्या वेळेले संपादकानं आकडा मागितला. पोस्टात उभ्या उभ्या टाकून देल्ला." मग तज्ज्ञांना, अगदी उत्साहानं, "बसा, बसा, मी समजावून सांगतो. लय मजेदार चूक हाये."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. विभागप्रमुखांनी विषय दोनदा बदलून पाहिला. त्यांना काही ते जमलं नाही.

मी मनाशी म्हणालो, चला, इथं तरी संपलं. सरांना ओळखत असूनही मी असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत त्यांना शिरस्त्यानं विचारलं गेलं, आपलं सर्वात महत्त्वाचं काम कोणतं? दुसऱ्या कोणीही चतुराईनं वेळ मारून नेली असती. दोनाचा फरक, तो काय, तज्ज्ञांनीही सोडून दिला असता. सर म्हणाले, "ते चुकलेलं हाये," आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी ते कसं चुकलं आणि आपल्या विद्यार्थ्यानं ते कसं पकडलं यात घालवला. हे मला विभागप्रमुखांनी सांगितलं, एकेक शब्द चावून. "तुमचं नाव घेतलं हो त्यांनी तिथे. कौतुकानं."

जागा बाहेरच्या माणसाला गेली. सर रीडर म्हणूनच निवृत्त झाले.

माझी सही झाली. प्रस्तावनेत स्वच्छ शब्दांत लिहायचं, की मार्गदर्शकांच्या अमुक पेपरातला लेमा चुकीचा आहे आणि तो इथे दुरुस्त केला आहे, या अटीवर. मी म्हणालो, "सर, कशाला? फक्त दुरुस्त केलेला देतो." ते म्हणाले, "मंग लोकायले कसं समजन की पहिला चुकला होता?" टंकलेखकाकडे पान बदलायला मला पुन्हा जावं लागलं. तेवढ्यानं भागलं नाही. सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक पोस्टकार्ड टाकलं, तुमच्या प्रबंधातलं सूत्रही अर्धं आहे, दुरुस्त करून घ्या. त्यातला एक एव्हाना कुठल्याशा कॉलेजचा प्राचार्य झाला होता. त्यानं उलट लिहिलं, की अशी कार्डं उघडी पाठवत जाऊ नका, आमचा शिपाई वाचतो. सरांनी ते उत्तर मला दाखवलं. "शिपायाले समजलं असन का?" असं त्यांनी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं.

मी भंडाऱ्याला कायम झालो. बाबांनी वस्तीत पेढे वाटले आणि त्या बुजुर्गांना आवर्जून दोन दिले. पुढे मी बदलून नागपुरात आलो. सरांना टाळू लागलो. ते समोरून सायकलवर येताना दिसले की मी गल्लीत शिरत असे. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी भेटलो की ते विचारत, "नवीन काय?" नवीन काही नसे. मला वाटे, ज्या कामानं त्यांचं एवढं गेलं, त्यात आपण पुढे जाणं बरं दिसत नाही. असं मी स्वतःला सांगत असे, आणि वर्गात तेच ते शिकवत असे.

ऐंशीनंतर कधीतरी, सर निवृत्त होऊन शहराबाहेर बेसाला राहायला गेले होते तेव्हा, एका रविवारी मी स्कूटर काढली. बेसा तेव्हा गावच होतं. घर लहान, पुढे भाजीचे वाफे. काकू दारात निवडणं घेऊन बसल्या होत्या. "मागं हायेत," त्या म्हणाल्या, "वांग्यायशी बोलून राहिले."

सर वाफ्यात उकिडवे बसले होते. मला पाहून उठले, हात धुतले, बाजेवर बसले. मी बसलो आणि लगेच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोललोच नसतो. त्या दुपारी मी मुद्दाम आलो होतो. मुलाखत उद्या आहे हे मला माहीत होतं. थांबता आलं असतं. लोकांसमोर बोलायचं होतं म्हणून थांबलो नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि खाली पाहत बसलो.

"ते मले तवाच समजलं होतं," सर म्हणाले.

"तेव्हाच?"

"वाक्य पाठ करून आले होते तुम्ही. तोंडावरून दिसे." त्यांनी पायावरची माती झटकली. "पण दोन बराबर होता ना."

मग त्यांनी विचारलं, "पेपर किती झाले तुमचे?"

"नाही झाले, सर."

"एकही?"

"एकही नाही."

"काहून?"

मी म्हणालो, "तुमचं ते झाल्यानंतर मन लागलं नाही."

"माझं काय झालं?"

"प्रोफेसरपद गेलं ना, सर. माझ्यामुळे."

त्यांनी कपाळाला आठी घातली. इतक्या वर्षांत आठी घालायची पाळी माझी असायची. "म्हणजे माझं पद गेलं, म्हणून तुमचं गणित बंद झालं?"

"हो."

"कसं? मधली पायरी सांगा."

मला वाटलं ते टोमणा मारताहेत. मी वर पाहिलं. टोमणा नव्हता. त्यांना ती पायरी खरंच दिसत नव्हती आणि ती त्यांना हवी होती.

"सर, विचार करून सांगतो," मी म्हणालो. कोणीही म्हणतं तसं, उठण्यासाठी.

"सांगा," ते म्हणाले, आणि बाजेवर मांडी घालून माझ्याकडे पाहत बसले. त्यांना वाटलं, मी आत्ताच विचार करणार आहे.

मी बसून राहिलो. आतून काकूंनी जेवून जायचं का विचारलं, सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला संताप आला होता. मी माफी मागायला आलो होतो. शिव्या खायलाही तयार होतो. आणि हा माणूस माझी तोंडी परीक्षा घेत होता. मी म्हणालो, उशीर होतोय, पुन्हा येईन. ते म्हणाले, या. मी स्कूटरला किक मारली तेव्हाही ते माझ्याकडेच पाहत होते, मुळीच घाई नसल्यासारखे. वर्धा रोडला लागेपर्यंत मी त्यांना मनात उत्तरं देत होतो आणि एकेक उत्तर चुकत होतं.

पुन्हा मी गेलो नाही.

पायरी नव्हती, सर. मला स्वतःचं काही लिहायची भीती वाटत होती. लिहिलं असतं तर तेही कोणीतरी तपासलं असतं. तुमचं नुकसान झालं आणि त्याच्या आड मला बसायला जागा मिळाली. ती जागा मला सोयीची होती, आणि मी तिथं बसून राहिलो. त्या रविवारी तुम्ही वाट पाहत होता तेव्हा हे मला अर्धंअधिक ठाऊक होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुम्ही लगेच कागद आणायला आत गेला असता.